दंडावर सेन्सर, हातात तिकीट

आमच्या घरात सहलीची तयारी आदल्या रात्री होत नाही. ती पंधरा दिवस आधी सुरू होते आणि तिची सुरुवात कपड्यांपासून नव्हे, एका फोनपासून होते. "आमच्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. तिच्या दंडावर सेन्सर असतो. पर्समध्ये इन्सुलिनची पेने, सुया आणि ग्लुकोज असते. आत सोडाल ना?" पलीकडून बहुधा आनंदी आवाजात उत्तर येते, "या की, काही प्रॉब्लेम नाही." फोनवर उत्तर देणारा माणूस वेगळा आणि दारात पिशवी उघडणारा माणूस वेगळा, हे आता आमच्या अंगवळणी पडले आहे. म्हणून आम्ही फोन करणाऱ्याचे नाव, दिवस आणि वेळ वहीत लिहून ठेवतो. शिक्षकाच्या घरी वह्यांना तोटा नसतो.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. नवव्या वर्षी हा आजार निघाला. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा भेटायला आलेल्या नातेवाइकांपैकी निम्म्यांचा पहिला प्रश्न एकच होता, "एवढ्याशा पोरीला साखर? गोड फार देत होतात का?" मोठ्या माणसांना होणारा मधुमेह वेगळा आणि हा वेगळा, हे आम्ही इतक्या वेळा समजावून सांगितले आहे की आमचा थोरला मुलगा ते वर्गात धडा म्हटल्यासारखे म्हणून दाखवतो. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मिठाईचा, आईबापांच्या लाडाचा किंवा कोणाच्या नजरेचा त्यात संबंध नाही. इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते, रोज, दिवसातून चार-पाच वेळा. १९२२च्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचले गेले. त्याआधी अशा मुलांच्या आईबापांजवळ उपासमारीच्या पथ्याशिवाय काहीच नव्हते. त्यामुळे कोणी कारल्याचा रस किंवा मेथीचे पाणी सुचवले तर आम्ही प्रेमाने पितो, स्वतः पितो. मुलीचे इन्सुलिन एक वेळही थांबवत नाही. या पानावर वाचणाऱ्या एखाद्या घरात असे मूल असेल तर आमचे एवढे वाक्य मात्र त्यांनी गांभीर्याने घ्यावे.

सेन्सर म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेली, लहान बिस्किटाएवढी पांढरी चकती. तिच्याखालचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली असतो. तो रक्तातली नव्हे, पेशींमधल्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून फोनवर दिसणारा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. एक सेन्सर चौदा दिवस चालतो. त्याची किंमत काही हजारांत आहे. एकदा उपटला की तो पुन्हा चिकटत नाही, फेकून द्यावा लागतो. हे शेवटचे वाक्य सुरक्षा तपासणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

घरात दुसरे यंत्र अब्बांचे आहे. त्यांच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर आहे. वय त्र्याहत्तर, आणि हौस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

नव्वदच्या दशकात आम्ही स्वतः शाळेच्या सहलीतून गोराईला गेलो होतो. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालेले, त्यामुळे त्याचे अप्रूप अजून ताजे होते. लाँचमधून खाडी ओलांडायची, हाच अर्धा आनंद होता. तपासणीची म्हणून एकच गोष्ट आठवते, पाळण्यापाशी उभी केलेली उंची मोजायची पट्टी. तिच्याखाली डोके आले की परत फिरायचे. २००८च्या नोव्हेंबरनंतर मुंबईच्या स्टेशनांत, मॉलमध्ये, थिएटरात धातूच्या चौकटी उभ्या राहिल्या आणि हळूहळू आपल्याला त्यांची सवय झाली. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्नी, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या मोठ्या उद्यानांनी २०१५च्या डिसेंबरात दारांवर मेटल डिटेक्टर लावायला सुरुवात केली.

ही झाली दारावरची तपासणी. राइडच्या रांगेतली तपासणी निराळी आहे आणि तिचे कारणही निराळे आहे. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये दोन रोलर कोस्टर एकमेकांच्या अगदी जवळून सुसाट जात. २०११ मध्ये कोणाच्या तरी खिशातली सुटी वस्तू उडून समोरच्या गाडीतले पर्यटक जखमी झाले. त्यानंतर त्या दोन गाड्या एका वेळी सोडणे बंद झाले आणि पुढे तिथल्या काही मोठ्या कोस्टरच्या रांगेतच मेटल डिटेक्टर आले. फोन, किल्ल्या, नाणी, सगळे लॉकरमध्ये ठेवा, मगच पुढे जा. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात सुटलेली किल्ली म्हणजे दगडच. तेव्हा हा नियम आम्हाला पटतो, आणि तो पाळणाऱ्या पोरांवर चिडावे असे आम्हाला वाटत नाही.

आपल्याकडे तिसरी एक तपासणी असते, ती म्हणजे बाहेरचे खाणे आत नेऊ न देण्याची. हा नियम सुरक्षेचा नाही, उपाहारगृहाचा आहे. पण तपासणारा माणूस तोच, टेबल तेच आणि आवाजही तोच, त्यामुळे सुरी आणि खजूर यांना एकच न्याय मिळतो.

२०२४ची ईद ११ एप्रिलला होती. बासी ईदला मुले दरवर्षी कुठेतरी नेण्याचा हट्ट धरतात. एरवी अजिंक्यताऱ्यावर किंवा कासला भागते, पण त्या वर्षी रमजानभर थोरल्याने अभ्यासही केला होता आणि रोजेही धरले होते, म्हणून त्याने मोठे बक्षीस मागितले. साताऱ्याहून पहाटे निघालो. आम्ही दोघे, दोन्ही मुले, अब्बा आणि मुलांची फुफी. वाटेत पुण्याहून आणखी एक कुटुंब सामील झाले. डॉक्टरांच्या दवाखान्यात रांगेत बसून बसून झालेली ही ओळख, आता पाहुण्यांपेक्षा जवळची. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन पंप आहे. म्हणजे तीन यंत्रे एकाच रांगेत. पार्कचे नाव देत नाही. त्याची गरज नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच घडते.

एप्रिलचे ऊन होते. वापरातले इन्सुलिन तीस अंशांच्या वर तापू द्यायचे नसते, आणि त्याला थेट बर्फही लावायचा नसतो, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. घरी आम्ही ओल्या वाळूच्या मडक्यात पेने ठेवतो, प्रवासात ओल्या कापडाच्या दुहेरी पिशवीत. मुलीच्या कुर्त्याला फुफीने आतून चेनचा एक खिसा शिवला आहे. त्यात ग्लुकोज पावडरच्या लहान पुड्या, प्रत्येक पुडी पंधरा ग्रॅमची. साखर सत्तरच्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज खायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा बघायचे, हा डॉक्टरांचा धडा. पुड्या फुफी स्वतः वजन करून बांधते. सोनाराच्या घरी द्यावी असा तिचा हात आहे.

दारावर पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी. बायकांना पडद्याच्या खोलीत तपासत होते. मुलगी आणि फुफी आत गेल्या. पुढचे फुफीकडून ऐकलेले, आणि तिने ते त्या दिवसापासून अनेकदा सांगितले आहे. हातातला डिटेक्टर दंडापाशी गेला आणि वाजला. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. तपासणाऱ्या ताईंनी विचारले, "आत काय आहे?" मुलीने बाही वर केली. "हे काढून ठेव इथे." मुलगी म्हणाली, "हे निघत नाही. काढले तर फेकावे लागेल. मग माझी साखर कळणार नाही." ताईंनी फुफीकडे पाहिले. मग त्यांनी खिसा दाबून पाहिला आणि पांढऱ्या पावडरच्या सहा पुड्या टेबलावर आल्या.

आता तपासणाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपलेही डोळे मोठे झाले असते. बासी ईदची गर्दी, बाराएक वर्षांची मुलगी आणि पांढऱ्या पावडरच्या पुड्या! फुफी घाबरून काही बोलायच्या आत मुलीने एक पुडी सोडली, बोट बुडवले आणि चाटून दाखवले. "ग्लुकोज आहे, ताई. तुम्ही पण घ्या." ताई हसल्या म्हणे. बाही वर करायला पडदा होता, समोर बाई होती, म्हणून हे एवढ्यावर भागले. उघड्या रांगेत पुरुष पहारेकऱ्यासमोर मुलीला बाही वर करायला लावली असती तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो. पडद्याची खोली मागून घेणे हा हट्ट नाही. मागितली की बहुतेक ठिकाणी मिळते, न मागितली तर कोणी देत नाही.

आमच्या रांगेत मात्र पिशवी अडली. डॉक्टरांचे पत्र दाखवले. पहारेकऱ्याने ते उलटसुलट पाहिले. पत्र इंग्रजीत होते, आणि त्याला इंग्रजी यावे ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करणार? त्याने सुया बाजूला काढल्या, ज्यूसचे दोन खोके बाजूला काढले आणि रमजानमधून उरलेला खजुराचा डबा बाजूला काढला. "सुई आत जाणार नाही." आम्ही म्हणालो, "विमानातसुद्धा जाते, डॉक्टरांची चिठ्ठी असली की." तो म्हणाला, "हे विमान नाही." या युक्तिवादाला उत्तर नव्हते. साहेबांना बोलावणे गेले. साहेब पंचवीस मिनिटांनी आले. त्यांनी पत्र वाचले, सेन्सर पाहायला मागितला नाही, आणि सुया, पेने, ग्लुकोज, एक ज्यूस, एवढ्याला परवानगी दिली. खजुराला नाही. दोन ज्यूस का नको आणि एकच का हवा, हे आम्ही विचारले नाही. उन्हात अब्बा उभे होते.

अब्बांचे प्रकरण त्या मानाने सोपे गेले, कारण पेसमेकर म्हटले की लोकांना लगेच कळते. डॉक्टरांनी सांगितले होते की चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जावे, चौकटीत किंवा तिला टेकून रेंगाळू नये, आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नये. अब्बांनी ओळखपत्र दाखवले, हाताने तपासून घेतले, आणि वर पहारेकऱ्याला "ईद मुबारक" म्हणून आले. तोही म्हणाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मुलीजवळ दाखवायला सरकारी कागद नसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत टाइप वन मधुमेह नाही. त्यामुळे प्रमाणपत्र नाही, कार्ड नाही, जे काही आहे ते डॉक्टरांचे पत्र. शाळेत काम करताना आम्हाला याचा अनुभव नेहमी येतो. सीबीएसईने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षेला अशा विद्यार्थ्यांनी साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवावे अशी मुभा दिली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा झाली होती. एका सहकाऱ्याने विचारले होते, "मग उद्या सगळीच मुले खाऊ घेऊन बसतील." त्यांच्या वर्गात तेव्हा असे मूल नव्हते. परीक्षेच्या खोलीत जे एका परिपत्रकाने मार्गी लागले, ते करमणुकीच्या दारात अजून त्या त्या दिवशीच्या साहेबाच्या मर्जीवर आहे.

आत गेल्यावर मुले सगळे विसरली. आम्हाला मात्र घड्याळ विसरता येत नव्हते.

पहिल्या मोठ्या कोस्टरच्या तोंडाशी पाटी होती, ती सगळीकडे असते तशीच. हृदयविकार, मानदुखी, गर्भवती स्त्रिया वगैरे. अब्बांनी ती मोठ्याने वाचली, "हृदयविकार" या शब्दापाशी थांबले आणि म्हणाले, "चला, मी बाकावर." मग ते दिवसभर आमचे लॉकर झाले. सगळ्यांचे फोन, पाकिटे, चष्मे, किल्ल्या त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत. लॉकरचे भाडे वाचले म्हणून ते इतके खूश होते की आइस्क्रीम त्यांनीच दिले. त्यांच्याजवळ मुलीचा फोनही होता. सेन्सर फोनपासून काही मीटरच्या पलीकडे गेला की आकडा दिसत नाही, पण तो आपल्याजवळ आठ तासांच्या नोंदी साठवून ठेवतो. फोन जवळ आला की मागचे सगळे उमटते. म्हणजे राइडवर फोन नेला नाही म्हणून काही बिघडत नाही. बिघडू शकते ते रांगेत.

राइड दोन मिनिटांची आणि रांग पन्नास मिनिटांची असते. रांगेच्या तोंडाशीच सुटे सामान ठेवायला सांगितले होते, कमरेची पिशवीसुद्धा. आम्ही मुलीबरोबर रांगेत होतो, फोन अब्बांकडे. अर्ध्या रांगेत तिचा चेहरा बदलला. तिला ते आपोआप कळते, आम्हालाही आता कळते. बोलणे कमी होते आणि ओठांभोवती पांढुरके दिसायला लागते. बोट टोचून रक्त तपासायचे छोटे यंत्र पिशवीत, पिशवी बाहेर. तिने विचारले नाही, चेन उघडली आणि पुडी तोंडात रिकामी केली. लक्षणे दिसली आणि मोजायला साधन नसले तर आधी ग्लुकोज, मोजणे नंतर, हे तिला पाठ आहे. आम्ही तिला रेलिंगला टेकवून खाली बसवले. मागची माणसे पुढे जाऊ लागली. काही जण कटकटले, एका बाईंनी पाण्याची बाटली दिली.

राइडवरचा मुलगा वरून पाहत होता. खाली आला. विशीतला असेल. "काय झाले?" आम्ही दोन वाक्यांत सांगितले. तो म्हणाला, "माझ्या आजीला सुई आहे. तिला पण असे होते, घाम सुटतो." थोरला धावत जाऊन अब्बांकडून फोन घेऊन आला. आकडा ६४ होता. पंधरा मिनिटांनी ७९, आणि बाण वर. त्या पोराने मग आम्हाला पुन्हा रांगेच्या शेपटाशी पाठवले नाही. बाहेर पडण्याच्या वाटेने वर घेतले आणि पुढच्या फेरीत बसवले. त्याच्या नियमात ते बसत होते का, आम्ही विचारले नाही. परदेशातल्या काही मोठ्या उद्यानांत अशा लोकांना रांगेबाहेर सावलीत बसून आपल्या वेळेला यायची रीतसर सोय असते. इथे ती सोय एका आजीच्या सुईने केली.

मुलगी उतरली तेव्हा साखर १९० होती. ग्लुकोज एकच पुडी, मग एवढी कशी? भीतीने आणि उत्साहाने शरीरात जी रसायने सुटतात ती साखर वर ढकलतात. याची सवय नसलेला पालक लगेच इन्सुलिन देतो, आणि मग दोन तास चालल्यावर मूल पुन्हा खाली जाते. आम्ही तेव्हा काही दिले नाही, नुसते पाणी.

आता पंपाचे. पंप म्हणजे कमरेला लावलेली एक डबी. तिच्यातून बारीक नळीने पोटाच्या कातडीखाली थेंबाथेंबाने इन्सुलिन जात राहते. धातूच्या चौकटीतून पंप नेला तर चालतो, पण बॅगांच्या एक्स-रे यंत्रातून आणि अंग पूर्ण स्कॅन करणाऱ्या यंत्रातून नेऊ नये, असे अनेक कंपन्या सांगतात. कंपनीगणिक सूचना वेगळ्या आहेत, म्हणून आपल्या यंत्राची पुस्तिका वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या सल्ल्यावर जाऊ नये, आमच्याही नव्हे. त्या मुलाच्या आईने पुस्तिकेचे ते पान फोनमध्ये फोटो काढून ठेवले आहे.

पण तिची खरी अडचण दारात नव्हती, उंच मनोऱ्यापाशी होती. वरून सोडून देणारा तो मनोरा. अशा काही राइडना थांबवायला शक्तिशाली चुंबके असतात, आणि काही कोस्टर चुंबकाच्या जोरावरच सुटतात. पंपात बारीक मोटर असते. जोरदार चुंबकाजवळ तिचा भरवसा नाही, म्हणून अशा राइडला पंप काढून ठेवा, असे काही पुस्तिकांत लिहिलेले असते. काढणे सोपे आहे, एक चिमटा दाबला की नळी सुटते. प्रश्न वेळेचा. पंपात फक्त लवकर काम करणारे आणि लवकर संपणारे इन्सुलिन असते. तासाभरापेक्षा जास्त वेळ तो बाहेर राहिला तर साखर चढू लागते, आणि अशा मुलांत ती फार चढणे धोक्याचे. रांगेच्या तोंडाशी पंप काढून लॉकरमध्ये टाकला तर पन्नास मिनिटे रांगेतच गेली. तेव्हा तो अगदी वर, गाडीत बसताना काढायचा आणि उतरल्यावर लगेच लावायचा. मग तो त्या दोन मिनिटांत कोणाकडे द्यायचा? वरच्या मुलीने हात मागे घेतले. "आम्हाला सामान घ्यायला परवानगी नाही, हरवले तर आमच्यावर येते." तिचेही बरोबर होते, ती डबी काही लाखांची. शेवटी त्याची आई बसली नाही. ती तिकीट काढून, रांगेत उभी राहून, वर जाऊन, मुलाचा पंप हातात धरून कठड्यापाशी उभी राहिली. मुलगा वरून किंचाळत खाली आला. आम्ही नंतर तिला म्हणालो, तुमचे तिकीट वाया गेले. ती म्हणाली, "तीन वर्षांत पहिल्यांदा तो कमरेला काही नसताना दिसला. ते बघायचे तिकीट होते."

पाण्याच्या भागात आमचे दिवस बरे गेले. आमच्या मुलीचा सेन्सर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास चालतो, त्यापुढे नाही. धोका पाण्याचा कमी, घसरगुंडीच्या घर्षणाचा जास्त. दंड घासला की चकती उचकटते. तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा नायलॉनचा पूर्ण पोशाख होता. अशा पोशाखाकडे काही लोक कसे पाहतात ते आम्ही जाणतो. त्या दिवशी त्याच बाहीने सेन्सर जागेवर धरून ठेवला. त्या मुलाने पंप काढला, तासाचा हिशेब लावला, आणि उघड्या दंडावरचा त्याचा सेन्सर दुसऱ्या घसरगुंडीतच वाहून गेला. त्याने आमच्या मुलीला विचारले, "असा ड्रेस मुलांचा मिळतो का?"

शाळेतला एक विद्यार्थी मात्र आम्हाला त्या दिवशी सारखा आठवत होता. त्याच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे. कातडीखालचा भाग आतच राहतो, पण कानामागचे बाहेरचे यंत्र पाण्यात आणि वेगवान राइडवर काढावे लागते. ते काढले की त्याला काही ऐकू येत नाही. बाकीच्यांचे यंत्र काढले तर साखर किंवा वेळ मोजता येते, त्याचे काढले तर "हात आत घ्या", "मान मागे टेकवा" या सूचनाच बंद होतात. डिसेंबरात शाळेची सहल जाणार होती. मुख्याध्यापिकांनी त्याचे नाव यादीतून काढण्याबद्दल विचारले, वाईट हेतूने नव्हे, काळजीपोटी. आम्ही दोन दिवस मागून घेतले. त्याच्या वर्गातल्या चार मुलांनी राइडवरच्या सूचनांच्या हातांनी करायच्या सहा खुणा ठरवल्या. मान, हात, पाय, पट्टा, थांब, झाले. दारातून आत जाताना त्याच्या यंत्रात खरखर होऊ शकते, म्हणून चौकटीपाशी ते क्षणभर बंद करायचे हेही त्यालाच ठाऊक होते. तो सहलीला गेला. खुणांचा उपयोग तिथल्या कर्मचाऱ्यांना इतका झाला की आवाजाच्या गोंगाटात ते बाकी मुलांनाही त्याच करून दाखवत होते.

बासी ईदकडे परत येतो. संध्याकाळी बाहेर पडताना खजुराचा डबा पहारेकऱ्याच्या टेबलाखालून जसाच्या तसा मिळाला. फुफीने तो तिथेच उघडला आणि सकाळच्या ताईंना, त्या पहारेकऱ्याला आणि साहेबांनाही वाटून टाकला. आत न्यायला मनाई होती, खायला नव्हती.

पण दिवस तिथे संपत नाही. दिवसभर चालल्या-धावल्यानंतर स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. अनेक पालकांना वाटते की घरी पोहोचलो, आता निवांत. खरी जागरणाची रात्र तीच असते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रात्रीचे इन्सुलिन थोडे कमी दिले, दूध पाजले, आणि गजर लावला. रात्री तीन वाजता सेन्सरचा इशारा वाजला, ६६. झोपेतच तिने ग्लुकोज घेतले. सकाळी तिला ते आठवत नव्हते. थोरल्याला आठवत होते, तो तिच्या आधी उठला होता.

त्या सहलीनंतर आम्ही एक कार्ड केले. पहारेकऱ्याला वाचता यावे म्हणून मराठीत आणि हिंदीत, पाठीमागे डॉक्टरांचे इंग्रजी. पहिला मसुदा आमचा होता. त्यात "कृपया सहकार्य करावे, ही विनंती" असे दोनदा आले होते. मुलीने लाल पेनने ते खोडले, आमच्याच पद्धतीने, आणि खाली चार ओळी लिहिल्या:

"माझ्या दंडावर साखर मोजायचे यंत्र आहे. ते काढता येत नाही. सुया आणि ग्लुकोज माझे औषध आहे, ते माझ्याजवळच राहील. तपासायचे असेल तर पडद्याच्या खोलीत ताईंनी तपासावे."

वर तिने स्वतःच ईदचा चंद्र काढला होता, तो आम्ही पुसायला सांगितला. तिने ऐकले नाही. कार्ड लॅमिनेट करून आणले. पंपवाल्या मुलाच्या आईला फोटो पाठवला, त्यांनी त्यात पंप, चुंबक आणि एक तास असे बदल करून आपले केले. परवा त्यांचा फोन आला होता. मे महिन्यात कोकणात जायचे म्हणत होत्या, समुद्रात बोटीवर. खाऱ्या पाण्यात सेन्सरवर लावायची पट्टी कुठली टिकते, ते विचारत होत्या. मुलगी शेजारीच बसली होती. तिने फोन हातातून घेतला आणि आत जाऊन दार लावून अर्धा तास बोलत बसली.